गृहचर्चा : रोग्याशीं नातें

गेल्या महिन्यांत सांगलीच्या एका वाचक-भगिनींचें दीर्घ पत्र आमच्या हातीं आलें. पत्र खासगी आहे. परंतु त्यांतील प्रश्नांची येथें चर्चा करण्यास त्यांनीं अनुमति दिली आहे, आणि नांवगांव न छापण्याचें वचन आम्हीं त्यांस दिलें आहे. त्यांचे चिरंजीव बंगळुरास एका कारखान्यांत अभियंता आहेत. वय अडतीस. गेलीं बारा वर्षें ते एका मित्रासमवेत एकाच बिऱ्हाडांत राहतात. हें बिऱ्हाड म्हणजे नुसती भाड्याची वाटणी नव्हे, ही गोष्ट त्या माउलीस पुष्कळ दिवस कळली नव्हती. कळल्यावरही ती कित्येक वर्षें कोणापाशीं बोलली नाहीं. आतां तिनें ती आम्हांस चार सरळ ओळींत लिहून कळविली आहे.

गेल्या पावसाळ्यांत चिरंजीवांच्या दुचाकीस अपघात होऊन डोक्यास मार लागला. मित्रानेंच त्यांस रुग्णालयांत नेलें, अनामत रक्कम भरली, रक्ताची सोय केली. पहिली तातडीची शस्त्रक्रिया डॉक्टरांनीं स्वतःच्या जबाबदारीवर उरकली. दुसरीच्या वेळीं मात्र संमतिपत्र पुढें आलें, आणि त्यांत एक रकाना होता : ‘रोग्याशीं नातें’. मित्रानें त्यांत ‘मित्र’ असें लिहिलें. कारकुनानें कागद परत केला व आईबापांस बोलावून घ्या असें सांगितलें. बाई रात्रीच्या गाडीनें निघाल्या त्या दुसऱ्या दिवशीं पोंचल्या, आणि त्यांनीं सही केली. “कोणतें औषध त्याला सोसत नाहीं असें डॉक्टरांनीं मला विचारलें,” असें त्या लिहितात, “तें मला ठाऊक नव्हतें. तें त्या मुलानें सांगितलें. सही तेवढी माझी.”

चिरंजीव आतां हिंडूंफिरूं लागले आहेत. पण बाईंचे प्रश्न राहिले. हा गुन्हा नव्हे असें न्यायालयानें २०१८ सालींच सांगितलें ना? मग लग्नाचा मोठा खटला झाला त्याचें पुढें काय झालें? आणि पुन्हा असा प्रसंग आलाच, तर त्या रकान्यांत त्या मुलानें काय लिहावें?

असला विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत नको, अशीं पत्रें येतील हें आम्ही धरून चाललों आहों. त्या पत्रलेखकांस एवढीच आठवण देतों कीं, मराठी मासिकांस हा विषय नवा नाहीं. प्रो. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें देतांना समलिंगी संबंधांची चर्चा आली होती, आणि तसल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यांत आला. १९३४ सालीं त्या खटल्यांत कर्व्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें होतें. दंड व्हावयाचा तो झालाच. आमचें आजचें काम त्या मानानें फारच सोपें आहे.

आतां पहिला प्रश्न. भारतीय दंडसंहितेचें ३७७ वें कलम इंग्रजांनीं १८६० सालीं आणलें. २००९ च्या जुलैंत दिल्ली उच्च न्यायालयानें, प्रौढ माणसांच्या परस्परसंमतीनें खासगी रीतीनें घडणाऱ्या वर्तनास तें लागूं नाहीं, असा निर्णय दिला. २०१३ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें २०१३ चा निकाल चुकीचा ठरविला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तर तें कलमच नाहीं. पण गुन्हा नसणें वेगळें आणि नातें असणें वेगळें. ज्याला पोलिसांनीं धरावयाचें नाहीं तो मनुष्य तेवढ्यानें कोणाचा आप्त होत नाहीं. रुग्णालयांतील कारकुनानें विचारलें तें गुन्ह्याबद्दल नव्हे, नात्याबद्दल. आणि नातें देण्याचा आपल्याकडील कायद्याचा मार्ग तीन : जन्म, दत्तक आणि विवाह. पहिले दोन या दोघांना मोकळे नाहींत. म्हणून तिसऱ्याची मागणी.

या मागणीचें नांव काढतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें होम, अंतरपाट आणि सप्तपदी उभी राहते, आणि कन्यादान कोणीं कोणाचें करावयाचें असा थट्टेचा प्रश्न निघतो. तो प्रश्न न्यायालयापुढें नव्हताच. कांहीं याचिकाकर्त्यांनीं हिंदु विवाह कायद्याचाही आधार मागितला होता हें खरें. परंतु सुनावणीच्या आरंभींच न्यायाधीशांनीं धर्मपरत्वें असलेल्या व्यक्तिगत कायद्यांना हात लावावयाचा नाहीं असें ठरवून टाकलें. राहिला तो १९५४ चा विशेष विवाह कायदा, म्हणजे ज्याला आपण रजिस्टर लग्न म्हणतों तें.

या रजिस्टर लग्नाचा इतिहास आमच्या वाचकांनीं आपापल्या घराच्या इतिहासाशीं ताडून पाहण्यासारखा आहे. ब्राह्मसमाजाच्या खटपटीनें १८७२ सालीं असा पहिला कायदा झाला. पण त्याचा लाभ घेणाऱ्या वधूवरांस आपण हिंदु नाहीं, मुसलमान नाहीं, ख्रिस्ती नाहीं, असें लिहून द्यावें लागे. हिंदु राहून तसें लग्न करण्याची मोकळीक मिळाली ती १९२३ सालीं, सर हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें. रजिस्टर न करतां केलेल्या आंतरजातीय लग्नाची गत तर याहूनही विलक्षण होती. उच्च वर्णाच्या पुरुषानें खालच्या वर्णाची स्त्री केली तर मुंबई उच्च न्यायालय तें लग्न मानीत असे. पण ब्राह्मण स्त्रीनें शूद्र वर्णाच्या पुरुषाशीं केलेलें लग्न हें लग्नच नव्हे, असें त्यानें १९१२ सालीं एका खटल्यांत ठरविलें. बाई संसार करीत होती, पण कायद्याच्या दृष्टीनें ती कोणाचीही पत्नी नव्हती. निव्वळ जातिभेदाच्या कारणानें हिंदु विवाह अवैध ठरूं नये हें सबंध देशापुरतें नक्की झालें तें १९४९ सालीं. आज आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं परजातीच्या सुना आणि जांवई नांदत आहेत, श्रावणांत सवाष्ण म्हणून जेवावयास बसत आहेत, आणि हें सर्व आपल्या पणजोबांच्या काळीं कायद्यानें अशक्य होतें हें कोणाच्या ध्यानींमनींही नाहीं.

ही उपमा फार ताणूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. आंतरजातीय विवाहांत विवाहाची व्याख्या तीच राहिली, फक्त कोणाला मुभा द्यावयाची एवढेंच बदललें. येथें व्याख्येलाच हात घालावा लागतो, आणि अडचण नेमकी तेथेंच आली.

‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ या नांवानें ओळखला जाणारा हा खटला २०२२ च्या नोव्हेंबरांत सुरू झाला. तशाच वीसएक याचिका एकत्र करून पांच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढें १८ एप्रिल २०२३ पासून ११ मेपर्यंत दहा दिवस सुनावणी चालली, आणि ती लोकांस घरबसल्या पाहतां आली. पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, म्हणजे आपल्या पुण्याकडीलच घराण्यांतले. न्या. कौल, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली व न्या. नरसिंह हे इतर चौघे.

मध्यवर्ती सरकारनें प्रतिज्ञापत्र करून सांगितलें कीं, पति, पत्नी व त्यांचीं मुलें ही भारतीय कुटुंबाची कल्पना असून तींत अशा विवाहास स्थान नाहीं. आणि पुढें असेंही म्हटलें कीं, ही मागणी शहरांतील मूठभर उच्चभ्रूंची आहे. पहिल्या मुद्द्यावर मतभेद होऊं शकतो. दुसरा मात्र आम्हांस केवळ वकिली वाटतो. १९८७ सालीं मध्यप्रदेशच्या पोलीस दलांतील दोन स्त्री-शिपायांनीं गांधर्व विधीनें एकमेकींशीं विवाह केला. बातमी फुटतांच दोघींनाही नोकरींतून काढून टाकण्यांत आलें. त्या कांहीं दिल्ली-मुंबईच्या मेजवान्यांत वावरणाऱ्या स्त्रिया नव्हत्या. राज्य सरकारांचेंही मत मागविण्यांत आलें होतें. सात राज्यांनीं उत्तर दिलें. त्यांत राजस्थान, आंध्र व आसाम यांनीं स्वच्छ विरोध केला. आमच्या महाराष्ट्रानें काय केलें? अधिक वेळ मागितला.

विरोधी पक्षाचा खरा जोर मात्र कायद्याच्या रचनेवर होता, आणि तो आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाहीं. विशेष विवाह कायद्यांत पुरुषाचें किमान वय एकवीस व स्त्रीचें अठरा. दोन स्त्रियांना कोणतें लावावयाचें? घटस्फोटाचीं कांहीं कारणें त्यांत केवळ पत्नीला दिलेलीं आहेत, पोटगीही पत्नीला. दोघेही पति असतील तर हीं संरक्षणें कोणाकडे जावयाचीं? शिवाय वारसा, दत्तक, कौटुंबिक छळ असे कितीतरी कायदे ‘पत्नी’ या एका शब्दावर तोलून धरलेले आहेत. तो एक शब्द न्यायालयानें बदलला तर बाकीच्या इमारतीचें काय, असा प्रश्न होता. याचिकाकर्त्यांचें म्हणणें असें कीं, ‘पति’ व ‘पत्नी’ यांच्या जागीं ‘जोडीदार’ वाचलें म्हणजे झालें. आमच्या मतें तें तितकें सोपें नव्हतें. पण सोपें नसणें आणि अन्याय नसणें या दोन गोष्टी एक नव्हत.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजीं निकाल लागला. विवाह हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क नाहीं, आणि विशेष विवाह कायदा नव्यानें लिहिणें हें न्यायालयाचें काम नसून संसदेचें आहे, येथपर्यंत पांचही न्यायाधीश एक होते. पारलिंगी व्यक्तीनें स्त्री-पुरुष या नात्यानें केलेला विवाह चालूं कायद्याप्रमाणेंच वैध आहे, हेंही सर्वांनीं मान्य केलें. पुढें वाटा फुटल्या. सरन्यायाधीश व न्या. कौल यांचें मत पडलें कीं, लग्न नाहीं तरी अशा सहजीवनाला मान्यता देऊन त्याबरोबर येणारे हक्क देणें सरकारचें कर्तव्य आहे. अशा जोडप्यास दत्तकही घेतां यावें. उरलेल्या तिघांनीं हें मानलें नाहीं. दोघांनीं एकत्र राहावें, त्यांस कोणीं त्रास देऊं नये. परंतु त्या नात्याला कायद्याचें नांव मागण्याचा हक्क नाहीं, असें तिघांचें मत, आणि तिघांचें म्हणून तोच निकाल. फेरविचाराचे अर्ज ९ जानेवारी २०२५ रोजीं न्यायाधीशांच्या दालनांतच फेटाळले गेले.

संसदेकडे बोट दाखविलें खरें, पण संसदेंत काय आहे? बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं १ एप्रिल २०२२ रोजीं, म्हणजे हा खटला उभा राहण्यापूर्वींच, विशेष विवाह कायद्यांत समलिंगी विवाहाची तरतूद करणारें खासगी विधेयक लोकसभेंत मांडलें होतें. खासगी विधेयक १९७० नंतर संसदेंत एकही संमत झालेलें नाहीं. लोकसभा विसर्जित झाली कीं तींतील असलीं विधेयकें आपोआप गळून पडतात, तसें २०२४ सालीं झालें.

मग जोडप्यांस मिळालें काय? सुनावणी चालू असतांनाच सरकारनें आश्वासन दिलें होतें, त्याप्रमाणें २०२४ च्या एप्रिलांत मंत्रिमंडळ-सचिवांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. त्याच वर्षीं कांहीं पत्रकें निघालीं. शिधापत्रिकेसाठीं अशीं जोडपीं एकाच घरचीं धरावींत. बँकेंत संयुक्त खातें उघडण्यास व जोडीदाराचें नांव नामनिर्देशित करण्यास प्रतिबंध नाहीं. आणि आरोग्य खात्यानें राज्यांना कळविलें कीं, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हां जोडीदारास पार्थिव देह ताब्यांत घेतां यावा.

‘उपलब्ध नसतील तेव्हां’ — या तीन शब्दांवर आम्ही वाचकांस थोडें थांबावयास सांगतों. जवळचे नातेवाईक म्हणजे कोण? म्हणजे आपण. आई, बाप, भाऊ, बहिणी, पुतणे. आपण नसूं तर तो. आपण असूं तर तो कोणीच नव्हे. हा झगडा दिल्लीस सरकार आणि याचिकाकर्ते यांमध्यें चालला आहे असें आपण वर्तमानपत्र वाचतांना समजतों. वस्तुतः अशा प्रत्येक घरीं एक तिसरा पक्षकार आहे, कायदा सर्वस्वीं त्याच्या बाजूचा आहे, आणि तो पक्षकार म्हणजे जन्माचें कुटुंब.

सांगलीच्या बाईंचेंच उदाहरण घेऊं. चिरंजीवांच्या नांवावर बंगळुरास एक सदनिका आहे. तिच्या कर्जाचा निम्मा हप्ता मित्र भरतो. उद्यां चिरंजीवांचें कांहीं बरेंवाईट झालें — देव न करो — आणि मृत्युपत्र नसलें, तर हिंदु वारसा कायद्याप्रमाणें ती सदनिका कोणाची? पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलें आणि आई येतात. बाप दुसऱ्या वर्गांत. पत्नी-मुलें नाहींत, तेव्हां संपूर्ण मिळकत एकट्या आईची. आई नसेल तर बापाची, तोही नसेल तर भावाबहिणींची. हप्ते भरणारा मित्र या यादींत कोठेंच नाहीं. त्यानें दिवाणी दावा लावून पैसे भरल्याच्या पावत्या दाखवीत बसावें. सोसायटींत त्याचें नामनिर्देशन केलेलें असलें तरी नामनिर्देशित मनुष्य हा मालक नसून सांभाळणारा असतो. मूत्रपिंड देण्याची वेळ आली तर अवयवदानाच्या कायद्यांतील ‘निकटच्या आप्तां’त पति-पत्नी आहेत, आजी-आजोबा नि नातवंडेंही आहेत, हा नाहीं, त्याला वेगळ्या समितीपुढें उभें राहून परवानगी मिळवावी लागेल. जिवंतपणीं एकानें दुसऱ्याला वर्षांत पन्नास हजारांवर रक्कम भेट दिली तर ती घेणाराची करपात्र मिळकत ठरते. नवराबायकोंस हा नियम नाहीं. या शेवटच्या भेदाविरुद्ध एका जोडप्यानें मुंबई उच्च न्यायालयांत याचिका केली असून २०२५ च्या ऑगस्टांत न्यायालयानें त्यावर ॲटर्नी जनरलांस नोटीस काढली. लग्नाचा मोठा दरवाजा बंद झाल्यावर लोक आतां अशा एकेका खिडकीवर टकटक करीत आहेत.

जन्माच्या कुटुंबाचा हा अधिकार नेहमीं मायेनेंच वापरला जातो असेंही नाहीं. सज्ञान मुलीला तिच्या मैत्रिणीपासून तोडून घरीं कोंडून ठेवल्याचें प्रकरण २०२५ च्या मेमध्यें मद्रास उच्च न्यायालयापुढें आलें. न्यायाधीशांनीं मुलीची मुक्तता केली, आणि विवाह हा कुटुंब स्थापण्याचा एकमेव मार्ग नव्हे असें निकालांत नमूद केलें. आमच्या माहितींतील घरांत कोंडण्याचे प्रकार नाहींत. तेथें फक्त बोलणें बंद होतें, दिवाळीस मुलानें एकट्यानें यावें अशी अपेक्षा असते, आणि वर्षानुवर्षें स्थळें येत राहतात. स्थळ घेऊन येणाऱ्या त्या परक्या मुलीचा विचार कोणी करीत नाहीं, तिचें पुढें काय होतें याचाही.

परदेशांचा पाढा आम्ही येथें वाचीत नाहीं. नेदरलँड्समध्यें १ एप्रिल २००१ पासून असे विवाह होतात, अमेरिकेंत २०१५ पासून सर्व संस्थानांत, आशियांत तैवाननें २०१९ सालीं आणि थायलंडनें २०२५ च्या जानेवारींत ते सुरू केले. शेजारच्या नेपाळांत सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम हुकुमावरून २०२३ च्या नोव्हेंबरांत पहिली नोंद झाली. आपल्या मराठी मंडळींस यांतून एकच व्यावहारिक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे : तिकडे विधिवत् झालेला असा विवाह मुंबईच्या विमानतळावर उतरतांच कायद्याच्या दृष्टीनें नाहींसा होतो. सुटींत आलेलें जोडपें आजारी पडलें तर त्यांची गत बंगळुरच्या त्या मित्राहून निराळी होणार नाहीं.

आतां बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर. त्या रकान्यांत लिहिण्याजोगा शब्द कायद्यानें अद्याप दिलेला नाहीं, तेव्हां ‘मित्र’ हाच लिहावा लागेल. खोटें ‘बंधु’ असें कधींही लिहूं नये. मुखत्यारपत्र करावें असा सल्ला पुष्कळजण देतात, पण माणसाची बुद्धि चालेनाशी झाली कीं त्याचा अंमल संपतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळीं तें निरुपयोगी. त्यापेक्षां आपण उभयतांनीं आपल्या सहीचें एक पत्र देऊन ठेवावें : आम्ही दूरगांवीं असल्यानें अमुक यांस आमच्या वतीनें निर्णय घेण्याचा अधिकार आहे, त्यांच्या सहीस आमची संमति समजावी, खात्रीसाठीं आमचा दूरध्वनि हा. आम्हीं आमच्या ओळखीच्या दोन डॉक्टरांना विचारलें. असें पत्र समोर आलें तर आपण अडवणार नाहीं असें दोघांनींही सांगितलें.

आणि चिरंजीवांस मृत्युपत्र करावयास सांगावें. त्याला मुद्रांक लागत नाहीं, नोंदणीही ऐच्छिक आहे. करणाराची सही आणि दोन साक्षीदार एवढें पुरतें. मित्रानेंही तसेंच आपलें करावें. “ह्यांना अजून त्या मुलाचें नांव घरांत काढलेलें चालत नाहीं,” असें आपण पत्राच्या शेवटीं लिहिलें आहे. तरीही चिरंजीवांच्या मृत्युपत्रावर एक साक्षीदार म्हणून आपल्या यजमानांची सही मिळाली तर पाहावें. कायद्यानें जे वारस ठरूं शकतात त्यांपैकींच एकाची साक्ष असली म्हणजे मागाहून इतर आप्तांस त्या कागदाविरुद्ध भांडणें जड जातें. साक्षीदारास आंतला मजकूर वाचावा लागत नाहीं. मुलानें आपल्यासमक्ष सही केली एवढेंच त्यानें पाहावयाचें असतें. दोन्ही कागदांचे कच्चे मसुदे आपल्या पत्त्यावर रवाना केले आहेत.